खोली नंबर तीनचा ग्लास

सन दोन हजार सतरा. मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि भांडुपच्या आमच्या चाळीच्या कमिटीचा सलग अठरा वर्षं अध्यक्ष होतो. त्या वर्षी दोन ऑक्टोबरला दाजींच्या गुत्त्यात सभा झाली आणि मतासाठी एकोणचाळीस ग्लास मांडले गेले. चाळीत खोल्या चाळीस. एक ग्लास कमी का पडला ते मला माहीत आहे, कारण मांडणारा मी होतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन नातीने तपासलं आहे. दोन-तीन ठिकाणी ती म्हणाली, "आजोबा, हे असं नको लिहूया," ते मी तसंच ठेवलं आहे.

गुत्त्यात सभा म्हटलं की हल्लीची माणसं हसतात. हसू देत. तीस-पस्तीस वर्षं आमच्या चाळीचं, कारखान्याचं, पाण्याचं, गटाराचं जे काही ठरलं ते दारूच्या दुकानात ठरलं, आणि ठरवताना कोणी दारू प्यायलेलं नसायचं. ही सगळी करणी दाजींची.

दाजी म्हणजे वसंत परब. कुडाळकडचे. चाळीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून त्यांचं देशी दारूचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि लोखंडी जाळी, मागे लांबट खोली, तिच्यात बाकडी आणि पत्र्याची टेबलं. राहायला चाळीतच, खोली नंबर तीन. माणूस बुटका, अंगात गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा. हातात कायम एक ग्लास पुसायला घेतलेला. तो पण उपडा धरून पुसायचे, पाणी निथळावं म्हणून, आणि उपडाच ताटात ठेवायचे. बोलताना समोरच्याकडे बघायचे नाहीत, ग्लासाकडे बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्याशी बोलतो की भांड्याशी.

सभा व्हायची ती ड्राय डेला. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर, नाहीतर निवडणुकीचा दिवस. सरकारी कायद्याने विक्री बंद, कारखान्याला सुट्टी, माणसं घरी आणि खोली रिकामी. दाजी सकाळीच फिनेलने लादी धुवायचे, उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवायचे आणि दुपारी चारला मागचं दार उघडायचे. भाडं कधी घेतलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "सरकारान माका सुट्टी दिली, मी ती तुमका दितंय."

आम्हाला दुसरी जागा नव्हती असं नाही. देवळाचा हॉल होता. पण आमची बौद्धांची अकरा घरं, आणि जयंतीच्या सभेला हॉल मागितला की ट्रस्टी म्हणायचे, "रंगकाम चालू आहे." त्या हॉलचं रंगकाम तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी मी विचारायला गेलोच नाही, मला मागायची सवय नाही. दाजींना हे कोणीतरी सांगितलं असेल. सव्वीस जानेवारीला सकाळी ते माझ्या दारात आले, हातात ग्लास होताच. म्हणाले, "शंकऱ्या, देवळाचो हॉल देवळाचो, शाळेचो हॉल शाळेचो. हय कोणाचा काय नाय, नुसती बाकडी आसत. चारला येवा."

मी म्हटलं, "जयंतीची सभा दारूच्या दुकानात? लोक काय म्हणतील?"

"लोक मेले कधी काय म्हणाक नाय? तू ये. वास इलो तर माका सांग."

आम्ही गेलो. वास आला नाही. आमच्यातले दोन म्हातारे दारातच उभे राहिले, त्यांना दाजींनी बाहेर रस्त्यावर स्टुलं टाकून दिली आणि सभा दार उघडं ठेवून चालवली. आमच्या वस्तीच्या जयंतीची पहिली कमिटी अशी झाली.

मतदानाची पद्धतही दाजींचीच. हात वर करायला लावले तर माणूस आजूबाजूला बघून हात वर करतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खोलीमागे एक ग्लास. अध्यक्षाने ताट घेऊन खोल्यांचे नंबर पुकारत जायचं आणि ज्याचा त्याचा ग्लास त्याच्या पुढ्यात ठेवायचा. होकार असेल तर ग्लास सुलटा, नकार असेल तर उपडा. मग दाजी किटली घेऊन फिरायचे, सुलट्या ग्लासात पाणी ओतत मोजायचे, म्हणजे मोजलेला ग्लास परत मोजला जात नाही. अध्यक्षाचा ग्लास आडवा. तो घरंगळू नये म्हणून खाली बाटलीचं झाकण लावायचे. दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच अध्यक्षाने आपला ग्लास उभा करायचा, सुलटा नाहीतर उपडा.

आणि निकाल लागला की उकडलेले चणे यायचे. ते आधी हरलेल्यांना. एकदा कोणीतरी भांडला की आम्ही जिंकलो, आम्हाला नंतर का? दाजी म्हणाले, "जिंकलेल्याचा पोट तसाच भरलेला असता."

बायका मात्र यायच्या नाहीत. एकदा नळाची सभा होती, पाणी किती वाजता सोडायचं त्याची. दाजी म्हणाले, पाणी भरतात बायका आणि मत देतात बाप्ये, हे बरोबर नाही. त्यांनी स्वतःच्या बायकोची फुलाफुलांची चादर आणली आणि बाटल्यांच्या फळ्यांवरून सोडली. तेवढ्याने खोली एकदम कोणाच्यातरी घरासारखी दिसायला लागली. माझी बायको सुभद्रा त्या दिवशी पहिल्यांदा आत आली. चारी बाजूंनी बघून मला म्हणाली, "चांगली स्वच्छ जागा आहे की. तुम्हाला घरी यायला उशीर का होतो ते आज कळलं." सगळी खोली हसली, दाजी सगळ्यात जास्त. तेव्हापासून चादर म्हणजे सभा. चादर दिसली की चाळीतली पोरंही आवाज खाली करायची.

ह्या पद्धतीत एक गंमत होती. ताट घेऊन अध्यक्ष पुकारायचा, "खोली नंबर एक. खोली नंबर दोन. खोली नंबर तीन." तीन म्हटलं की कोपऱ्यातून दाजी ओरडायचे, "वाढपी!" म्हणजे मी वाढणारा आहे, मला ग्लास नको. सगळे हसायचे आणि अध्यक्ष चारकडे वळायचा. मी एकदा विचारलं, "दाजी, तुमची पण खोली आहे, मत का देत नाही?" तर म्हणाले, "मी एका बाजून बसलंय तर दुसऱ्या बाजूचो माणूस उद्या हय पाऊल टाकतलो काय?" इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी ग्लास घेतला नाही. पण एकदाही कुठल्या अध्यक्षाने तीन नंबर पुकारल्याशिवाय सोडला नव्हता.

आता माझं सांगतो.

मी रबराच्या कारखान्यात होतो. पट्टे आणि पाइप बनायचे. तिशीत असताना आमचा संप झाला, चौथा महिना लागला होता. घरी सुभद्रा दुसऱ्या वेळची गरोदर. त्या पंधरा ऑगस्टला संप चालवायचा की मोडायचा ह्यावर मत होतं, कारखान्याची सभा म्हणून माणशी एक ग्लास, चालवायचा असेल तर सुलटा. मी सकाळीच दुसरीकडून चोरून पिऊन आलो. सभेत उभा राहिलो आणि ओरडायला लागलो की मोडा संप, मी साहेबाच्या पायावर डोकं ठेवतो. माझा ग्लास उपडा होता. दाजी शांतपणे आले, माझ्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि पंच्यात गुंडाळला.

"शंकऱ्या, आज तू बोलत नाय, दारू बोलता. दारूक हय मत नाय."

दीडशे माणसं हसली. मला दोघांनी धरून घरी नेलं. पुढे दोन वर्षं कारखान्यात मी दिसलो की कोणीतरी मागून म्हणायचं, "दारू बोलता!" मी दोघांना मारलं त्यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्या खोलीवर आले होते. पंच्यातून तोच ग्लास काढला आणि माझ्या पुढे ठेवला. "हो तुझो ग्लास. आता शुद्धीत आसस. सांग, संप चालवूचो काय मोडूचो?" सुभद्रा बघत होती. पोटावर हात ठेवून बसलेल्या तिच्याकडे मी बघितलं आणि ग्लास सुलटा केला. दाजींनी त्यात आमच्याच माठातलं पाणी ओतलं, मला प्यायला लावलं आणि गेले. मला नंतर कळलं, रात्रभर त्यांनी मोजणी पुरी होऊ दिली नव्हती. म्हणाले होते, एक ग्लास यायचा आहे. संप टिकला. पुढे तीन आठवड्यांत कंपनीने बोलावलं. मी पायावर डोकं न ठेवता कामावर गेलो.

माणसाने ह्यातलं काय लक्षात ठेवावं? मी हसणं लक्षात ठेवलं. सकाळ विसरून गेलो.

दाजींशी माझं बोलणं-चालणं सगळं व्यवस्थित होतं. सभा मीच चालवायचो, त्यांच्या बायकोच्या मयतीला खांदा मी दिला. पण आत कुठेतरी ते दीडशे माणसांचं हसणं होतं, आणि त्यांना हसवणारा हा माणूस होता. मी तसा कमी शिकलेला, पण माझ्यासमोर कोणी मला कमी लेखलेलं मला चालत नाही. त्याचं मी काय करायचं ते मला तेहतीस वर्षं सापडलं नाही. मग बिल्डर आला.

चाळ पाडून टॉवर होणार होता. सगळ्या खोल्यांना घरं ठरली. दुकानांत पिठाची गिरणी, वाणी, सलूनवाला, सगळ्यांना तळमजल्यावर गाळे ठरले. अडलं ते दाजींच्या दुकानावर. बिल्डरचा माणूस म्हणाला, खाली देशी दारूचं दुकान असेल तर वरचे फ्लॅट विकले जाणार नाहीत. त्यांना हायवेपलीकडे गाळा देतो, आणि तुम्हाला प्रत्येकाला एक बाल्कनी जास्त. तुम्ही ठरवा. दाजी तेव्हा पंच्याहत्तरीला आलेले. हायवेपलीकडे त्यांना कोण ओळखणार? आणि मागची खोली तर कुठल्याच कागदावर नव्हती. दुकान इथून हललं की ते संपणार होतं, हे चाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हे ठरवायला सभा कुठे घ्यायची? दुसरी जागाच नव्हती. दाजींनीच विचारलं, "दोन तारखेक चादर लावू मा?" दुकान राहावं की जावं ह्याची सभा त्याच दुकानात, आणि लादी दुकानदाराने धुतलेली.

भांडणं खूप झाली. तरुण पोरं बाल्कनी मागत होती. माझा मुलगाही त्यातलाच. म्हणाला, "बाबा, उद्या माझ्या मुलीला बघायला पाहुणे येतील आणि खाली दारुडे पडलेले असतील." म्हातारे म्हणत होते की ह्या माणसाने आपल्याला बसायला जागा दिली. एक बाई म्हणाली, "माझ्या नवऱ्याला दाजींनी तिसऱ्या ग्लासाला हात धरून घरी पाठवलंय, हायवेपलीकडचा पाठवेल का?" दाजी भिंतीला टेकून उभे होते.

मी ताट घेतलं. प्रश्न सांगितला, दुकान इथेच राहावं का. होकार सुलटा, नकार उपडा. पुकारायला लागलो.

"खोली नंबर एक. खोली नंबर दोन." आणि मी पुढे म्हणालो, "खोली नंबर चार."

कोणाच्या लक्षात आलं नाही. तीन म्हणजे नेहमीचा विनोद, तो ह्या दिवशी नको वाटला असेल असं कोणाला वाटलं असेल. मी पुकारत शेवटपर्यंत गेलो. माझा ग्लास आडवा ठेवला. मग बघितलं तर दाजी माझ्या शेजारी येऊन उभे होते. हातात एक ग्लास. पंच्याने पुसत होते. कोरडा होता तो, पुसायचं काही राहिलं नव्हतं. आणि उपडा धरला नव्हता, सुलटा होता.

"अध्यक्ष, मांडून झाले मा सगळे?"

आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदा शंकऱ्या न म्हणता अध्यक्ष म्हटलं. त्यांना मागता आलं असतं. पण सवय नव्हती. ती मलाही नाही, म्हणून मला ते समजलं. पुरतं समजलं, आणि मी म्हटलं, "झाले."

दाजींनी तो ग्लास काउंटरवर ठेवला, किटली घेतली आणि मोजायला लागले. स्वतःच्या दुकानाची मतं स्वतः ओतत गेले. सुलटे एकोणीस. उपडे एकोणीस.

सगळे माझ्याकडे वळले. मी झाकण काढलं आणि ग्लास उपडा ठेवला. दीडशे माणसं नव्हती त्या दिवशी, साठेक असतील. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही.

चणे आले. दाजींनी आधी हरलेल्या एकोणीस जणांना वाढले, मग जिंकलेल्यांना. शेवटी माझ्यापुढे बशी ठेवली. "खा. आज मीठ जरा जास्त पडला." स्वतः खाल्ले नाहीत. हरलेल्यांत त्यांना कोणी धरलंच नव्हतं.

घरी सुभद्राने जेवायला वाढताना विचारलं, "तीन नंबर पुकारला होतात?"

"तो कधी घेतो का?"

ती भाकरी ताटात ठेवून आत गेली.

चाळ पाडायच्या आधी दाजी कुडाळला मुलीकडे गेले. हायवेपलीकडचा गाळा त्यांनी घेतलाच नाही. जायच्या दिवशी सुभद्राकडे पिशवी देऊन गेले, आत ग्लास आणि किटली. "सोसायटीच्या मीटिंगेक लागतले." मी त्या वेळी मुद्दाम बाजारात गेलो होतो.

टॉवर झाला. बाल्कनी आहे, त्यात कपडे वाळतात. सोसायटीचं सगळं मोबाइलच्या ग्रुपवर ठरतं. कोणीतरी विचारतो, खाली अंगठे येतात, झाली सभा. वर्षाची मीटिंग पार्किंगमध्ये असते, सात-आठ टाळकी येतात. गिरणीवाल्याचं आणि तिसऱ्या मजल्याचं आवाजावरून दोन वर्षं कोर्टात चाललंय. आधी ते दोघे एका बाकावर बसायचे. पिशवी माळ्यावरच राहिली. दाजींना फोन करीन करीन म्हणत पाच वर्षं गेली. खोटं कशाला बोलू, करीन असंही म्हणत नव्हतो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची मुलगी शालिनी आली, तीन नंबरच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटच्या कागदांसाठी. दारात उभी राहिली तेव्हाच तिच्या तोंडावरून कळलं. दाजी गणपतीत गेले. दुपारी जेवून झोपले, ते उठले नाहीत.

सुभद्राने तिला जवळ घेतलं. चहा झाला. शालिनी हसून सांगत होती, "बाबा तिथेही पंधरा ऑगस्टला शोकेसवर चादर टाकायचे. माझी सासू म्हणायची, हे काय नवीन! गावातल्या चार म्हाताऱ्यांना बोलवायचे आणि पाखाडीच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या का, ह्यावर ग्लास मांडायचे."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

"कायम. दुकानाचा विषय निघाला की आम्ही चिडायचो. मी म्हणायची, शंकरकाकांनी तुम्हाला ग्लास का नाही दिला? तर म्हणायचे, 'शंकऱ्या मांडूक इसरलो गो. वय झाला तेचा. तो मुद्दाम करूचो नाय.' आम्हाला बोलूच द्यायचे नाहीत."

विसरला. साडेपाच वर्षं तो माणूस कुडाळला बसून माझी बाजू मांडत होता, आणि ती खोटी होती. शालिनीच्या तोंडावर मला खरं सांगता आलं नाही. सुभद्रा माझ्याकडे बघत होती. मी उठून बाल्कनीत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून पिशवी काढली. एक ग्लास धुतला, पुसला. किटलीत पाणी भरलं आणि खाली सोसायटीच्या ऑफिसात गेलो. ते ऑफिस साधारण दाजींच्या काउंटरच्याच जागी आहे. सेक्रेटरी मयूर, चौदा नंबरच्या सावंतांचा मुलगा, लॅपटॉप उघडून बसला होता. मी ग्लास त्याच्या टेबलावर ठेवला.

"काका, हे काय?"

"खोली नंबर तीन. ह्यांचं मत राहिलंय. पुस्तकात लिही."

"कसलं मत?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, सहा वर्षं झाली. आता मिनिट बुकात कसं लिहू?"

"पेनाने लिही."

"अहो, त्याने काय बदलणार आहे?"

"काही नाही. तू लिही."

मी हलत नाही बघून त्याने पुस्तक काढलं. मी सांगत गेलो. दोन ऑक्टोबर दोन हजार सतराच्या सभेत खोली नंबर तीन, वसंत परब, यांचा ग्लास अध्यक्षांनी मुद्दाम मांडला नाही. मयूरचं पेन थांबलं.

"मुद्दाम लिहू? विसरून राहिला असं लिहितो ना. चांगलं दिसेल."

"मुद्दामच लिही. बाकीचं गाळलंस तरी चालेल."

त्याने लिहिलं. मग विचारलं, "आणि मत काय टाकू? होकार की नकार?"

"होकार. हातात होता तेव्हा सुलटाच होता."

मी किटली उचलली, ग्लासात पाणी ओतलं आणि मोजलं. वीस.